कुरणातले नील-हरित शेवाळ आणि त्यातली पेप्टाइडे: नमुना देण्याआधी वाचा

पाऊस धरला की साक्री, शिरपूर, चोपडा, तळोद्याकडच्या गायरानांत गवताच्या ठोंबांमधल्या उघड्या जागी हिरवट-काळे, बुळबुळीत पापुद्रे फुगून वर येतात. उन्हाळ्यात तेच काळे आणि ठिसूळ होऊन मातीला चिकटलेले असतात. हे बहुतेक वेळा नॉस्टॉक नावाचे नील-हरित शेवाळ असते. नाव शेवाळ असले तरी हे उन्हावर अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. ते हवेतला नत्र बांधतात आणि मातीचा वरचा थर धरून ठेवतात, म्हणून कुरणातून ते खरवडून काढू नका.

हे जिवाणू अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, म्हणजे पेप्टाइडे, तयार करतात. सायनोपेप्टोलिन ट्रिप्सिनसारखी प्रथिने पचवणारी विकरे अडवतात, तर अ‍ॅनाबिनोपेप्टिन कार्बॉक्सिपेप्टिडेज हे तसेच दुसरे विकर अडवतात. नॉस्टॉकमध्येच सापडलेले क्रिप्टोफायसिन आधी बुरशीनाशक म्हणून पुढे आले, नंतर त्याच्यासारख्या रेणूची कर्करोगावर चाचणीही झाली. काळजी करायची ती मायक्रोसिस्टिनची. सात अमिनो आम्लांचे हे कडे यकृताच्या पेशींत शिरून प्रोटीन फॉस्फेटेज १ आणि २ए ही तिथली विकरे बंद पाडते. पेशींचा सांगाडा ढासळतो आणि यकृतात रक्तस्राव होतो. पाणी उकळून हे विष जात नाही.

मायक्रोसिस्टिन नॉस्टॉकच्या सगळ्या वाणांत नसते, काहींतच असते. एकाच बांधावरचे दोन पापुद्रे दिसायला सारखे असले तरी एकात असेल, दुसऱ्यात नसेल. रंग किंवा वास पाहून ठरवता येत नाही. म्हणूनच रानातले शेवाळ गोळा करून स्पिरुलिना (खाण्यासाठी विकले जाणारे नील-हरित शेवाळ) समजून खाणे, विकणे किंवा गुरांच्या खुराकात मिसळणे आमच्या प्रयोगशाळेला अजिबात मान्य नाही.

आमच्याकडे मायक्रोसिस्टिन तपासायला द्यायचा नमुना असा घ्या. एकाच तुकड्यातल्या पाच जागांवरून ओले पापुद्रे बोथट चमच्याने अलगद उचला, स्वच्छ पाण्यात झटकन खंगाळून माती काढा आणि सुती कापडावर सावलीत, वाऱ्याला वाळवा. कडक उन्हात ठेवू नका, कारण शेवाळातल्या रंगद्रव्यांच्या साथीने ऊन मायक्रोसिस्टिन मोडते. वाळलेले ५ ग्रॅम लागते. पापुद्रे जवळजवळ सगळे पाणीच असतात, तेव्हा ओले भरपूर घ्या. नमुना कागदी पाकिटात भरून त्यावर गाव, गट क्रमांक आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना एका रात्रीत कुजू लागतो, मग आकड्याला काही अर्थ उरत नाही.

माती खंगाळून काढण्याचा आग्रह आपल्या काळ्या जमिनीमुळे आहे. तिची चिकणमाती मायक्रोसिस्टिन धरून ठेवते, त्यामुळे अहवालात आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आम्ही वाळलेल्या शेवाळाची भुकटी ७५ टक्के मिथेनॉलमध्ये दोनदा हलवून त्यातले विष काढतो आणि नमुन्याच्या एका भागात माहीत असलेल्या मात्रेचे मायक्रोसिस्टिन मिसळून परत किती मिळते तेही पाहतो. परतावा ७० टक्क्यांखाली आला, तर तो नमुना पुन्हा करतो.

अहवालातला आकडा वाळलेल्या शेवाळाच्या दर ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये असतो. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहे, ती शेवाळाला लावू नका. झटपट चाचणी मायक्रोसिस्टिनमधल्या अ‍ॅड्डा नावाच्या अमिनो आम्लावर चालते. सायनोपेप्टोलिन किंवा अ‍ॅनाबिनोपेप्टिन तिला दिसतच नाहीत. त्यांची माहिती हवी असेल तर मास स्पेक्ट्रोमीटरची (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राची) तपासणी मागा.

गुरे-मेंढरांना खरा धोका गवतापेक्षा पाण्यातून असतो. हौदात हिरवा थर आला तर मोरचूद टाकू नका. शेवाळाच्या पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते, शिवाय मेंढ्यांना मोरचुदातले तांबे लवकर बाधते. जनावरे आधी दुसऱ्या पाण्यावर न्या. हौद रिकामा करून घासा, आणि ते पाणी नाल्यात किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका. जनावर एकाएकी सुस्त झाले, हिरड्या फिकट पडल्या किंवा उन्हात कातडी सुजू लागली, तर आमच्या अहवालाची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकाला बोलवा. हौदातले अर्धा लिटर पाणी काचेच्या बाटलीत भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी आमच्याकडे पोचवा. काही प्लॅस्टिकच्या भिंतींना हे विष चिकटते, म्हणून काचच वापरा.