कुंकवाची पुडी: हळदीपासून रंगापर्यंत

तुळजापूरला देवळाकडे जाताना दोन्ही अंगांना कुंकवाच्या शिगोशीग पराती दिसतात. लाल, गुलाबी, केशरी, मरून. भवानीचं दर्शन घेऊन, मळवट भरून निघालेली बाई एक तरी पुडी बांधून घेतेच. त्या पुडीत काय असतं हे समजायला आधी हळदीकडे जावं लागतं.

हळद तर आमच्याच भागातली. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचा पिवळेपणा तिच्यातल्या करक्युमिन या द्रव्यामुळे येतो आणि साबण-चुन्यासारखा क्षार लागला की तो तांबडा होतो. हळदीच्या डागावर साबण फिरवला की काय होतं, ते धुणं धुणाऱ्या प्रत्येकीने पाहिलंय. पण चुन्याने आणलेली अशी लाली टिकत नाही. म्हणून कुंकू करणारे टाकणखार (बोरॅक्स), तुरटी आणि लिंबाचा रस वापरत. त्यात हळकुंडं मुरवायची, वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. टाकणखारातलं बोरॉन आंबट रसात करक्युमिनशी जोडलं जातं आणि रोझोसायनिन नावाचं लाल द्रव्य तयार होतं. जुनं कुंकूही रसायनच होतं. फक्त ते कशाचं आहे, हे करणाऱ्याला ठाऊक असे.

शेंदूर वेगळा. तो मारुतीला, म्हसोबाला तेलात कालवून लावायचा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि शिसं शरीरात साठतं, लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरतं. आपल्याकडे तो कपाळाचा रोजचा शृंगार झाला नाही, हे बरंच झालं. तरी देवाच्या पायाच्या शेंदराचं बोट लेकराच्या कपाळी टेकवतोच आपण.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला गाजलेला कृत्रिम रंग शोधला आणि पुढे डांबरापासून काढलेल्या रंगांनी बाजार भरला. हळद मुरवत बसण्यापेक्षा पांढऱ्या भुकटीत रंग कालवणं स्वस्त आणि झटपट. कापडासाठी, तेला-मेणासाठी बनलेले ‘सुदान’ नावाच्या रंगांसारखे अॅझो गटातले कृत्रिम रंग कुंकवात सापडले. त्वचारोगतज्ज्ञांकडे खाजेच्या, काळपट चट्ट्यांच्या तक्रारी येऊ लागल्या.

मेणावर कुंकू लावायची रीत मागे पडली आणि टिकली आली. माझ्या मावशीच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उठला, तेव्हा सगळ्यांनी कोड म्हणून कुजबुज केली. तिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं. डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, ते त्वचेच्या रंगपेशींना मारतं. एवढी साधी गोष्ट तिला वेळेवर कुणी सांगितली असती, तर तिची ती वर्षं वाया गेली नसती. त्याचा राग मला अजून आहे.

कायद्याची वाट इथवर लांबची आहे. १९४० चा औषध कायदा झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला. हैदराबादसारख्या राज्यांना हा कायदा लागू झाला १९५१ मध्ये. पण त्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. १९६२ च्या दुरुस्तीने ती आली आणि २७ जुलै १९६४ पासून अंमल सुरू झाला. रंगासाठी शिसं आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आली, प्रसाधनांतल्या पाऱ्यालाही पुढे मनाई झाली. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांचे स्वतंत्र नियम आले. त्यांत वापरायच्या रंगातही शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त नको आणि आर्सेनिक २ पेक्षा, अशी मर्यादा आहे. वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि घटक लिहायचे असतात.

सुट्या कुंकवाला वेष्टनच नसतं. परातीतून चमच्याने कागदावर, कागदातून घरच्या करंड्यात. कपाळ खाजायला लागल्यावर डॉक्टर विचारतात, "कुठलं कुंकू लावता?" आणि उत्तर येतं, "तुळजापूरचं."