आधी व्हिसा, मग नोकरी

ठाणे-बेलापूर पट्ट्याला परदेशाचं अप्रूप फारसं कधी नव्हतं. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, आखातात पैसा आला आणि इथल्या केमिकल कंपन्यांतले ऑपरेटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंटवाले तिकडे जाऊ लागले. तिथे गेल्यावर काम कसं शोधायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही, कारण शोधायचंच नव्हतं. मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन नोकरी पक्की झालेली असायची. विमानतळावर कंपनीचा माणूस, राहायला कॅम्प, जेवायला मेस. पुढे १९९० च्या कायद्याने अमेरिकेचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा आला आणि महापे-ऐरोलीतली सॉफ्टवेअरवाली पोरं त्यावर गेली. क्रम मात्र तोच राहिला. आधी नोकरी, मग व्हिसा.

कॅनडाने हा क्रम उलटा केला. परदेशातून आलेल्या नवख्या व्यावसायिकाला हाताशी धरणारा ‘मेंटॉर’ तिथे एवढा का रुजला, याचं मूळ मला या उलट्या क्रमातच दिसतं.

तो देश आपल्यासाठी मुळात उघडाच नव्हता. १९५१ मध्ये भारतातून वर्षाला १५० माणसं घ्यायची असं ठरलं, १९५७ मध्ये तो आकडा ३०० झाला. १९६२ च्या नियमांनी वंशाची आडकाठी बरीचशी काढली आणि १९६७ मध्ये गुणपद्धत आली. एकूण गुण १००, उत्तीर्ण व्हायला ५०. शिक्षणाला २० पर्यंत, वयाला १०, भाषेला वेगळे, हातातल्या कौशल्याला वेगळे. नोकरी ठरलेली असेल तर १० गुण, नसेल तरी बिघडत नाही, बाकीच्यांत भरून काढा. मार्कलिस्ट लॅमिनेट करून ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही भाषा चटकन कळली. डिग्री, इंग्रजी, वय, सगळं जमतंय. मग अडतंय कुठे?

अडायचं उतरल्यावर. पदवीला गुण देणारं सरकार ओटावातलं, म्हणजे केंद्राचं. पण इंजिनिअर, डॉक्टर, नर्स म्हणून काम करायचा परवाना देणं हा प्रांताचा विषय, आणि प्रांताने तो त्या त्या व्यवसायाच्या परिषदेवर सोपवलेला. म्हणजे ज्याने आत घेतलं त्याच्या हातात नोकरी नाही, आणि ज्याच्या हातात नोकरी आहे त्याने काही तुम्हाला बोलावलेलं नाही. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, इंजिनिअरच्या परवान्यासाठी ४८ महिन्यांचा अनुभव लागे, त्यातले किमान १२ महिने कॅनडातले. ज्या व्यवसायांना परवाना लागत नाही तिथेही मुलाखतीत हाच प्रश्न, ‘कॅनेडियन एक्सपिरियन्स आहे का?’ लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, यातली गत. तोवर माणूस गोदामात खोकी उचलायचा किंवा रात्रपाळीला सिक्युरिटीत बसायचा. याला तिकडची आपली मंडळी ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात, आणि त्या शब्दात नाही म्हटलं तरी थोडी लाज मिसळलेली असते.

टोरांटोत डॉक्टर टॅक्सी चालवतात, हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. २००६ च्या जनगणनेवरून २०१२ मध्ये तिथल्या सरकारी अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा कॅनडाभरच्या सुमारे ५० हजार टॅक्सीचालकांत बाहेरून आलेले डॉक्टर किंवा पीएचडीवाले साधारण २०० निघाले. म्हणजे पंगतीत वाटतात तितके नाहीत. पण साधी पदवी घेतलेले स्थलांतरित चालक हजारांनी होते आणि त्यांची गोष्ट कुणी पंगतीत सांगत नाही.

या पडझडीत पहिला आधार आपापल्या मंडळांचा होता. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ ची. गावोगावची काही मंडळं त्याही आधीची. विमानतळावरून घेऊन येणं, कुणाच्या बेसमेंटमध्ये खोली बघून देणं, गणपतीला बोलावणं हे मंडळांनी मनापासून केलं. पण मंडळात भेटणारा माणूस आपल्या भाषेचा असतो, आपल्या धंद्याचा असेलच असं नाही. पाइपिंग इंजिनिअरला मोदकाचं ताट मिळतं, पाइपिंग इंजिनिअर मिळत नाही.

ती जोडी जुळवायचं काम २००४ मध्ये टोरांटोत सुरू झालं. आदल्या वर्षी, नागरी पुढाऱ्यांच्या एका शहर परिषदेतून आणि मेट्री फाउंडेशनच्या पुढाकाराने, टोरांटो रीजन इमिग्रंट एम्प्लॉयमेंट कौन्सिल स्थापन झाली होती. तिने ‘मेंटॉरिंग पार्टनरशिप’ काढली. नवखा माणूस आणि त्याच व्यवसायात स्थिरावलेला स्वयंसेवक अशी जोडी, चार महिन्यांत मिळून २४ तास भेटायचं. बँका, मोठ्या कंपन्या, खुद्द टोरांटो महापालिका यांनी आपले कर्मचारी मेंटॉर म्हणून दिले. नवख्याला शिकवायचं ते पुस्तकी नव्हतंच: कोणत्या पदाला अर्ज करायचा, आपल्या धंद्यातली माणसं कुठे जमतात, कॉफीला बोलावलं तर काय बोलायचं, मुलाखतीत किती गप्प बसायचं. २००७ पासून हाच नमुना कॅनडातल्या इतर शहरांत नेण्यात आला. व्हिएन्नातही २००८ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाने अशीच जोड्यांची योजना सुरू केली.

टोरांटोच्या योजनेत एक अट सुरुवातीपासून आहे, आणि मराठी माणसाला नेमकी तीच पचायला जड जाते: मेंटॉरकडे नोकरी मागायची नाही. आपल्याकडे ओळख आणि वशिला यांच्यात भिंत अशी नसतेच, फार तर पडदा असतो. घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीला आला तेव्हा साताऱ्याकडचा पोरगा गावच्या माणसाचं नाव घेऊनच गाळ्यावर उभा राहायचा आणि संध्याकाळपर्यंत कामाला लागायचा. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मेंटॉरने ओळख द्यायची, वशिला नाही, हे ऐकल्यावर आपला माणूस मनात म्हणतो, मग उपयोग काय? उपयोग असा की तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर मेंटॉर आपणहून म्हणतो, ‘अमुक कंपनीत एक जण आहे, त्याच्याशी बोलून घे.’ तिकडेही बऱ्याच जागा जाहिरातीआधी तोंडी फिरतात. फरक इतकाच की ते नाव मागून मिळत नाही.

कायदा मागाहून आला, आणि सावकाश. व्यवसाय परिषदांनी परवाने देताना न्याय्य वागावं यासाठी ऑन्टारियोने २००६ मध्ये कायदा केला. २०१३ मध्ये तिथल्या मानवाधिकार आयोगाने सांगितलं की कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट हा सकृद्दर्शनी भेदभावच आहे. इंजिनिअरांच्या परिषदेने ती १२ महिन्यांची अट काढली मे २०२३ मध्ये. नोकरीच्या जाहिरातीत असा अनुभव मागायला बंदी लागू झाली १ जानेवारी २०२६ पासून. १९६७ पासून मोजा, जवळजवळ साठ वर्षं झाली. शिवाय जाहिरातीतून गेलेला प्रश्न मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातून जातोच असं नाही.

मे २०१३ पासून इथल्या पदवीची तिकडच्या मापाने पारख करून घेणंही बहुतेकांना सक्तीचं झालं, आणि ठाणे-नवी मुंबईकरांच्या वाट्याला कलिना आलं. हार्बरने कुर्ला, तिथून रिक्षा, विद्यापीठाच्या खिडकीवर ट्रान्सक्रिप्टसाठी रांग. हे झालं, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झाली, कन्सल्टंटचे हप्ते झाले की तयारी पूर्ण, असं घरात सगळ्यांना वाटतं. मार्च २०२५ मध्ये तर कॅनडाच्या आताच्या गुणपद्धतीतले, म्हणजे ‘एक्स्प्रेस एन्ट्री’तले, नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकले, कारण त्या ऑफर विकल्या जात होत्या. म्हणजे पुन्हा तेच, आधी व्हिसा, मग नोकरी.

त्यामुळे हल्ली मेंटॉरिंग विमानात बसायच्या आधीच सुरू होतं, बहुधा बिनसरकारी, व्हॉट्सॲपवर. नेरूळला आमच्या सोसायटीत एक प्रोसेस इंजिनिअर आहे, चौदा वर्षं प्लांटवर काढलेला. उन्हाळ्यात दर रविवारी रात्री साडेआठला तो फोन लावायचा. टोरांटोत तेव्हा सकाळचे अकरा. पलीकडे कॉलेजचा सीनिअर. एकदा मीही तिथे बसलो होतो. आधी बायोडेटाची चिरफाड झाली. फोटो काढ. जन्मतारीख काढ. वडिलांचं नाव, ‘विवाहित’, सगळं काढ. चार पानांची दोन झाली. मग सराव: एखादी अडचण तू कशी सोडवलीस, सांग.

‘आम्ही तो पंप उघडला, आमच्या लक्षात आलं की…’

‘आम्ही म्हणजे कोण रे?’

‘म्हणजे आमची टीम, सर. सगळेच होतो.’

‘तू काय केलंस ते सांग. त्यांना टीमला नोकरी द्यायची नाहीये.’

दुसऱ्यांदा ‘आपण’ आला. त्याच्या आत्या आतल्या खोलीतून ओरडल्या, अरे, पंप तूच दुरुस्त केलास ना, मग सांग की तसं. तिसऱ्या खेपेला ‘मी’ आला, पण इतक्या हळू आवाजात की तिकडून विचारणा झाली, ‘हॅलो? नेट गेलं का रे तुझं?’