चांदीपुरा : तापाच्या नोंदीतून मेंदूज्वराकडे

१९६५ साली नागपुरात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ होती. तेव्हा दोघा प्रौढ तापकऱ्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) भलताच विषाणू मिळाला. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, कूळ रेबीजचे. नाव पडले नागपुरातल्याच चांदीपुरा भागावरून. पुढे औरंगाबादेत वाळूमाशी या रक्त शोषणाऱ्या चिमुकल्या माशीतही तो सापडला. पण साध्या तापाच्या विषाणूची कोण पर्वा करतो?

पर्वा करायची वेळ आली २००३ मध्ये, आंध्र प्रदेशात. चांगली खेळती मुले ताप, उलट्या, झटके घेऊन दवाखान्यात यायची, बेशुद्ध व्हायची आणि बरीचशी दाखल केल्यापासून दिवसभरातच जायची. ३२९ रुग्णांपैकी १८३ दगावले. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, डेंग्यू, गोवर यांच्या तपासण्या कोऱ्या आल्या. मग पुण्यात सहा मुलांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवता आला. निघाला तो चांदीपुरा, ३८ वर्षांपूर्वीच्या नागपुरी वाणाशी सुमारे ९७ टक्के जुळणारा.

सहा मुले म्हणजे पुरावा तुटपुंजाच. पण दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूच्या ऊतीतही विषाणूच्या खुणा मिळाल्या, आणि माझ्या मते पारडे तिथे झुकले. रक्ततपासणीची अडचण वेगळीच होती. विषाणूशी लढायला शरीर बनवते ती प्रतिपिंडे दिसायची ती बहुधा आजाराच्या चौथ्या दिवसानंतर, आणि कित्येक मुले तेवढी जगतच नव्हती. म्हणजे जो आजार सर्वात वेगाने मारतो, तोच या तपासणीतून निसटायचा. वाद तरीही मिटला नाही. मेंदूचे स्कॅन पाहिलेल्या काही डॉक्टरांना हे दुखणे मेंदूच्या सुजेपेक्षा पक्षाघातासारखे, रक्तवाहिन्यांचे वाटत होते.

२००४ मध्ये गुजरातेत पुन्हा तेच झाले. २०२४ च्या पावसाळ्यात हिंमतनगरच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना मुलांची लक्षणे पाहून चांदीपुराची शंका आली. त्यांनी नमुने थेट पुण्याला धाडले. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ दगावले. त्यांपैकी चांदीपुराची खात्री झाली ६४ जणांत. नेमके औषध नाही, लस नाही. झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास चालू ठेवायचा, आणि तपासणीसाठी रक्त व पाठीतले पाणी दाखल करतानाच काढून घ्यायचे.