अर्जात कारण लिहावं लागत नाही

इंदूरच्या मराठी घरांत एक समज पक्का आहे: आधी निगमवर, म्हणजे महापालिकेवर, मोर्चा न्यायचा, आणि माहितीचा अर्ज केलाच तर ‘कशासाठी हवी’ ते सांगावं लागतं. दुसरी गोष्ट तर साफ खोटी. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६(२): कारण विचारताच येत नाही. संपर्कापुरता पत्ता पुरे.

मोर्चा हवाच, पण हातात कागद असला की. नाहीतर पार्षद (नगरसेवक) ‘बघतो’ म्हणतात आणि गर्दी पांगते.

अर्ज बहुधा फसतो तो प्रश्नामुळे. ‘रामबागेतला रस्ता वर्षात का उखडला?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नव्हे. मागा ते असं: कार्यादेश, मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या वहीची) पानं, अदा केलेली बिलं आणि करारातलं दुरुस्तीच्या हमीचं कलम, यांच्या प्रती. हमीची मुदत शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, आणि मोर्चाची मागणी एका ओळीत मावते.

अर्ज हिंदीत लिहा. मराठी इथली राजभाषा नाही. शुल्क १० रुपये, पोच घ्याच. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचा निकाल मिळाल्यापासून किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पहिल्या अपिलाची तारीख चुकवू नका.