अर्धीच खरवडलेली तार

एक पेन्सिल सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक, एक रबर बँड आणि हातभर तांब्याची तार. एवढ्या सामानात घरच्या घरी चालणारी मोटर करता येते. तार मात्र मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली, इनॅमलचा मुलामा असलेली हवी. ती सेलभोवती आठ-दहा वेढे गुंडाळायची, वेटोळं अलगद काढून घ्यायचं आणि तारेची दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. सेफ्टी पिना सेलच्या दोन्ही बाजूंना रबर बँडने घट्ट बसवायच्या आणि त्यांच्या भोकांत तारेची टोकं ओवायची. वेटोळ्याच्या बरोबर खाली, सेलवर, चुंबक.

आता मुलामा खरवडायचा, कारण तो वीज जाऊ देत नाही. हे कळलेलं मूल साहजिकच दोन्ही टोकं चहूबाजूंनी चकचकीत करतं. पण मग मोटर फिरतच नाही! वेटोळं थरथरतं, झोका घेतं, अडून बसतं. नेमक्या याच क्षणी घरातलं मोठं माणूस पुढे होतं, मुलाच्या हातातून तार घेतं आणि 'थांब, मी दाखवतो' म्हणतं. तेवढं एक वाक्य गिळता आलं तर पुढचा अर्धा तास मुलाच्या आयुष्यातला फार मोलाचा ठरू शकतो.

मोटर का अडते? वीज वाहू लागली की वेटोळं स्वतःच चुंबक बनतं. खालचा चुंबक त्याला अर्धी फेरी पुढे ढकलतो, पण उरलेल्या अर्ध्या फेरीत तेच बल त्याला मागे खेचतं. म्हणजे मागे खेचण्याच्या वेळेला वीज बंद व्हायला हवी. त्यावर उपाय साधा आहे. नवं वेटोळं करायचं, त्याचं एक टोक पूर्ण खरवडायचं, मग वेटोळं उभं धरून दुसऱ्या टोकाची फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची, खालचा मुलामा तसाच ठेवायचा. मग अर्धी फेरी वीज मिळते आणि उरलेली अर्धी फेरी वेटोळं मिळालेल्या वेगावर पार करतं. बोटाने हलकी टिचकी द्या, ते गरगर फिरू लागतं. हेच खरवडणं वेटोळं आडवं ठेवून केलं तर वीज भलत्याच वेळी मिळते आणि मोटर पुन्हा रुसते. खेळण्यांतल्या सेलवर चालणाऱ्या साध्या मोटरीत हे काम कॉम्युटेटर नावाचा भाग करतो, तोही वीज बंद करण्याऐवजी तिची दिशाच उलटी करून. अडलेली मोटर हाताळलेल्या मुलाला कॉम्युटेटर कशासाठी असतो ते पाठ करावं लागत नाही.

मोठ्यांनी आधीच दाखवून टाकलं तर काय होतं, याचा एक सुंदर प्रयोग एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी नळ्या जोडून बनवलेलं एक नवंच खेळणं दिलं. त्यात चार गमती दडलेल्या होत्या: एक नळी ओढली की चूं आवाज, शिवाय कुठे दिवा, कुठे संगीत, कुठे उलटा आरसा. काही मुलांना बाईंनी 'हे खेळणं कसं चालतं, बघ हं' म्हणत आवाजाची नळी शिकवली. इतर काहींसमोर त्याच नळीला चुकून हात लागून आवाज झाल्यासारखं भासवलं. शिकवलेली मुलं खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमतीही त्यांना कमी सापडल्या. यात मुलांचा आळस नव्हता, उलट त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. माहीतगार माणसाने एकच गोष्ट शिकवली, तर दुसरं काही नसणारच.

शुल्झ आणि बोनाविट्झ यांचा 2007 सालचा प्रयोग याच्या जोडीला ठेवायला हवा. दोन दांडे असलेली एक पेटी होती. काही मुलांसमोर दोन्ही दांडे एकदम दाबले, पेटीतून दोन बाहुल्या वर आल्या. कोणत्या दांड्याने कोणती बाहुली येते ते कळायला मार्ग नव्हता. शेजारी नवीकोरी पेटी ठेवली तरी ही मुलं जुन्याच पेटीशी खेळत राहिली. ज्यांना दांडे एकेक करून दाबून दाखवले होते, ती मात्र नव्या पेटीकडे वळली. कोडं शिल्लक असेल तर मुलाला जुनं खेळणंही पुरतं. महागड्या 'एज्युकेशनल' खेळण्यांवर पैसे ओतणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आपल्याकडे हे काम अरविंद गुप्तांनी आयुष्यभर केलं. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असताना 1978 मध्ये त्यांनी रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांतून त्यांची भूमिती उभी राहिली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण हटत नाही. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात, ते मुलाच्या बोटांना तिथेच समजतं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ मुलांबरोबर खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर ती कृतीसह फुकट पाहता येतात. माझी एकच विनंती आहे: व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवू नका. सामान जमवण्यापुरता दाखवा आणि थांबवा.

घरी करताना थोडी काळजी घ्यायला हवी. मोटर अडलेली असताना तार आणि सेल तापतात, म्हणून वेटोळं लगेच काढून ठेवा. बारीक, चकचकीत, फार जोरदार चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. असे दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याला चिमटीत धरून भोक पाडू शकतात. स्पीकरचा मोठा काळा चुंबक बरा.

मोटर एकदा फिरू लागली की सेल उलटा करून पाहा, फिरण्याची दिशा बदलते. सेल पूर्ववत करून चुंबक उलटा करा, पुन्हा बदलते. दोन्ही एकदम उलटे केले तर काय होतं, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही.