उशिरा आलेली निविदा
सरकारी खरेदी किंवा कामाच्या कंत्राटासाठी ठरवून दिलेली तारीख व वेळ उलटल्यावर दाखल झालेली निविदा. जाहीर असो वा मर्यादित (निवडक पुरवठादारांपुरती), दोन्ही प्रकारच्या मागणीत अशी निविदा विचारात घेऊ नये, असे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १६५ सांगतो. दर सर्वांत कमी असला किंवा टपालाने दिरंगाई केली असली, तरी सवलत मिळत नाही.

नियम कठोर आहे आणि तो तसाच हवा. मोहोरबंद निविदेची सारी भिस्त दर गुप्त राहण्यावर असते. लखोटे फोडल्यावर उपस्थित ठेकेदारांसमोर सर्वांचे दर वाचून दाखवले जातात. त्यानंतर आलेल्या लखोट्यातला आकडा प्रामाणिकपणे काढलेला आहे की ऐकून बेतलेला, हे तपासायला काहीच साधन उरत नाही. मुदत टळली पण लखोटे अजून फुटलेले नाहीत, अशा वेळी मात्र अधिकाऱ्याचा हात सैल होण्याचा धोका जास्त. तिथेही एकासाठी पेटी उघडी ठेवणे म्हणजे वेळ पाळणाऱ्या इतरांवर अन्यायच.

कागदी व्यवहारात ठरल्या वेळी निविदा पेटी बंद होई आणि नंतर आलेला लखोटा न फोडता परत जाई. ई-निविदेत हा निर्णय माणसाच्या हातून सुटला आहे. महाराष्ट्र शासनाचे महाटेंडर्स हे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) प्रणालीवर चालते. तिथे सर्व्हरचे घड्याळ प्रमाण. ठेकेदाराच्या संगणकावर काय वाजले आहे याला अर्थ नाही. मुदतीपर्यंत निविदा बदलून पुन्हा भरता येते, पण नुसती कागदपत्रे अपलोड करून भागत नाही. शेवटी 'फ्रीझ'चे बटण दाबले की निविदा दाखल होते.

मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात याच बटणावरून वाद झाला. शापूरजी पालनजी कंपनीचे म्हणणे होते की तिने आपले काम वेळेत पुरे केले, तरी पोचपावती आली नाही. बटण दाबले गेलेच नाही, असे एनआयसीचे मत होते. उच्च न्यायालयाने निविदा विचारात घेण्यास सांगितले. निविदा मागवणाऱ्या म्हाडाच्या (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. प्रणाली चालवणाऱ्या तज्ज्ञ संस्थेचे मत डावलून न्यायालयाने वेगळा निष्कर्ष काढू नये, असा या निकालाचा रोख आहे.

अमेरिकेच्या फेडरल नियमांनी अनेक वर्षे काही अपवाद मानले. उदाहरणार्थ, प्रस्ताव मुदतीपूर्वीच सरकारी आवारात पोहोचून शासनाच्या ताब्यात होता, असा पुरावा असल्यास.

वेळेचे बंधन कार्यालयावरही आहे. मुदत वाढवायची तर ती संपण्यापूर्वी शुद्धिपत्रक काढून, सर्वांसाठी एकसारखी वाढवावी लागते. शेवटच्या दिवशी अचानक सुट्टी जाहीर झाली, तर निविदा पुढच्या कामकाजाच्या दिवशी त्याच वेळेपर्यंत घेण्याची अट सहसा निविदापत्रातच असते.