पडून राहण्यापासून चालण्यापर्यंत : फुप्फुसाच्या कर्करोगातील व्यायाम-संशोधनाची पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू हे शेतातले पीक आहे, वखारीतली मजुरी आहे आणि घरात बसून वळलेली बिडीही आहे. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने या तंबाखूच्या दराचा प्रश्न सर्वांपुढे आणला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रिटन व अमेरिकेतील अभ्यासांनी त्याच्या किती तरी आधी, १९५० सालीच मांडला होता. सीमाभागात आजही या आजाराचे नाव निघाले की घरातली माणसे पहिला सल्ला देतात तो पडून राहण्याचा. त्यामागे माया असते. पण गेल्या काही दशकांतील फिजिओथेरपीचे संशोधन नेमके याच्या उलट दिशेने गेले आहे.

१९३३ मध्ये अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक पूर्ण फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. छातीच्या शस्त्रक्रिया वाढल्या तसे दीर्घ श्वसन, खोकून कफ काढणे आणि रुग्णाला लवकर उठवून बसवणे हे फिजिओथेरपिस्टचे काम ठरत गेले. त्यात उद्दिष्ट छातीपुरतेच होते, रुग्णाची एकूण ताकद वाढवण्याचे नव्हते. ती कल्पना स्तनांच्या कर्करोगाच्या संशोधनातून आली : १९८० च्या दशकात ओहायोत मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर यांनी केमो घेणाऱ्या स्त्रियांकडून सायकलचा व्यायाम करून घेतला.

फुप्फुसाच्या बाबतीत हे धाडस उशिरा झाले, कारण ज्या अवयवावर आजार आहे त्यालाच दमवायचे कसे, ही शंका रास्त होती. २००७ मध्ये ली जोन्स यांच्या गटाने शस्त्रक्रियेपूर्वीच्या व्यायामाने शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे दाखवले. २०१५ मध्ये नॉर्वेतील ६१ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर पाच ते सात आठवड्यांनी सुरू केलेला, २० आठवड्यांचा जोरकस व्यायामही उपयोगी ठरला. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात शस्त्रक्रियेपूर्वी व्यायाम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने कमी दिसला. मात्र त्यात पाच चाचण्या आणि एकूण १६७ रुग्णच होते, त्यामुळे हा आकडा आशादायक असला तरी भक्कम मानू नये, असे माझे मत आहे.

अशा चाचण्यांत बहुधा सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे मोजतात. २००२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी ३० मीटरचा सपाट व्हरांडा पुरतो. दर मिनिटाला धीर देताना ठरलेलीच वाक्ये बोलायची असतात, कारण प्रोत्साहनाने अंतर वाढते हे १९८४ मध्येच सिद्ध झाले होते. बेळगावात हा नियम वाटतो त्याहून अवघड आहे. खानापूरहून आलेल्या आजोबांना ती वाक्ये मराठीत सांगावी लागतात आणि गोकाकहून आलेल्यांना कन्नडमध्ये. दोन्ही भाषांत त्यांचा जोर सारखा नसेल, तर मोजलेल्या मीटरची तुलना करता येत नाही.